कुंदनचा वाटा

११ जुलै, शुक्रवार

आले बाई एकदाची! लग्न मे महिन्यात झालं, पण डिप्लोमाची परीक्षा राहिली होती म्हणून मी पारोळ्यात आणि नवरा सुरतेत, असं चाललं होतं. मैत्रिणी चिडवायच्या, तुझा नवरा फोनातच राहतो का गं? आज स्टेशनावर चेतन नवा शर्ट घालून उभा होता आणि कॉलरला दुकानाची चिठ्ठी तशीच लोंबत होती. रिक्षात बसल्यावर मी ती हळूच तोडली, तर त्याचे कान लाल झाले. सगळ्यांसमोर मी त्याला 'अहो' म्हणते. इथे वहीत मात्र चेतनच.

घर लिंबायतला. खाली एक मोठी खोली आणि स्वयंपाकघर, वर पत्र्याची खोली, ती आमची. भिंतीला भिंत लागून लूमचं खातं, म्हणजे कापड विणायचा कारखाना आहे, दिवसभर खटखट खटखट. पाणी प्यायला घेतलं तर पेल्यातलं पाणीसुद्धा थरथरतं. सासूबाई म्हणाल्या, आठ दिवसांत सवय होईल आणि मग वीज गेली की झोप येणार नाही. सासऱ्यांना, उखा नानांना, आयुष्यभर लूम चालवून आता कानाशी ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही. मी पाया पडून मोठ्याने नाव सांगितलं, तर ते म्हणाले, हो हो, जेवलो मी.

धाकटा दीर कुंदन पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये आहे. नखं कायम रंगलेली, आज जांभळी. मी भाऊजी म्हटलं तर हात जोडून म्हणाला, वहिनी, मला म्हातारा करू नको. मग काय म्हणू, बाळ म्हणू का, असं मी विचारलं. तेव्हापासून तो पाणी मागताना मुद्दाम 'बाळाला पाणी' म्हणतोय. दर दोन मिनिटांनी 'वहिनी, वहिनी'. मला पाठचा भाऊ नाही. बरं वाटलं.

१६ जुलै, बुधवार

काम मिळालं! चेतन ज्या मार्केटात साड्यांच्या दुकानात आहे, तिथल्याच एका व्यापाऱ्याला प्रिंटची डिझाइनं करून हवी आहेत. घरी बसून करायची. अट एकच, कॉम्प्युटर माझा हवा, आणि तोही दणकट, कारण साडीच्या पदराची फाइल उघडली की साधे लॅपटॉप मान टाकतात.

नवा घेणं आत्ता जमणार नाही. कुंदन म्हणाला, काळजी कशाला, परदेशी माल घेऊ. तिकडच्या कंपन्या दोन-तीन वर्षं वापरून मशीन काढून टाकतात आणि कंटेनर भरून इकडे येतात. त्याच्या मिलमधल्या वैभवने असाच घेतलाय, लोखंडासारखा चालतो. चेतनला पसंत नव्हतं. तो म्हणाला, दुसऱ्याचं उतरलेलं कशाला. यावर सासूबाईंनी त्याला विचारलं की तू लहानपणी कोणाचे कपडे घालून मोठा झालास. विषय संपला.

मला मात्र दोन दिवस चैन नाही. कधी एकदा कामाला लागते असं झालंय.

१९ जुलै, शनिवार

घेतला! गल्ली इतकी अरुंद की समोरून कोणी आलं तर एकाने पायरीवर चढायचं. दुकानात भिंतीभर लॅपटॉप रचलेले. दुकानदार प्रत्येक मशीनचं कौतुक असं करत होता की सोयरीक जमवायला बसलाय असं वाटावं. हा थंड देशातला, मॅडम, धूळ नाही, घाम नाही. आमचा काळा, जाडसर, कोपऱ्यावर एक ओरखडा. चालूही पटकन झाला.

मशीन पूर्ण पुसून दिलंय, नव्यासारखं सेटअप करायचं, असं तो सांगत होता, तेवढ्यात कुंदन वाकून बघायला गेला. पडद्यावर एक गोल आला, त्याच्या तोंडाभोवती फिरला आणि टिकमार्क! झालं, लॅपटॉप माझा आणि कुलूप कुंदनच्या तोंडाचं. दुकानदार हसला, म्हणाला, घरी जाऊन तुमचंही जोडा. कुंदन रस्ताभर ऐटीत. म्हणाला, वहिनी, आता मी उठल्याशिवाय तुझा धंदा उघडणार नाही.

घरी आल्यावर पहिली पंचाईत म्हणजे चार्जरच्या पिना आमच्या बोर्डात जाईनात. कुंदन पळत जाऊन जोड घेऊन आला. दुसरी पंचाईत कीबोर्डची. अक्षरांवर टिंबं आणि गोळे, आणि इंग्रजीतला वाय दाबला की झेड उमटतो. मी नाव लिहिलं तर झोगिता झालं! आता चेतनही झोगिता म्हणून हाक मारतोय. मारू दे.

२० जुलै, रविवार

आज सगळं बसवलं. आधी सासूबाईंनी पूजा केली. घरात नवं मशीन आलं, मग ते शिलाईचं असो की मिक्सर, हळदकुंकू लागल्याशिवाय सुरू करायचं नाही. झाकणावर कुंकवाचं बोट ओढलं, नारळ फोडला, पाणी माझ्या कीबोर्डावर उडणार होतं ते वाचवलं.

पडद्यावरचं सगळं त्या परक्या भाषेत. फोनचा कॅमेरा समोर धरला की फोन मराठी करून दाखवतो, तसं करत करत एकेक पान पुढे गेले. भाषा बदलली, माझा चेहरा जोडला, डिझाइनचं सॉफ्टवेअर टाकलं. एकच गोष्ट निघाली नाही. उघडताना खाली कोपऱ्यात आणखी एक खातं दिसतं. नाव वाचता येत नाही. चित्र आहे, जेवणाचं टेबल, खिडकीबाहेर बर्फ, टेबलावर एकच ताट. खुर्ची रिकामी. काढायला गेलं की परत येतं. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, जुन्या मालकाचं राहिलं असेल, लक्ष देऊ नका.

कुंदनला कुठला दम धरवतोय. त्याने त्यावर बोट मारलं. एक वाक्य आलं, फोन धरला, तर मराठीत उमटलं, "घरी कोणी आहे का?"

मी झाकण मिटायला गेले. कुंदन मात्र मान पडद्याशी नेऊन म्हणाला, आहोत की, सगळे आहोत, ये जेवायला! मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. सासूबाई चुलीशी बसल्या बसल्या म्हणाल्या, जेवायला ये म्हणण्यात काय वाईट आहे, कोणाचं का लेकरू असेना.

३० जुलै, बुधवार

काम चांगलं चाललंय. तीन डिझाइनं पास झाली. पण मन एका जागी लागत नाही. सारखं उठते, खाली जाते, वर येते. कारण सांगायला गेलं तर हसू येईल. लॅपटॉपच्या कॅमेऱ्याशेजारचा बारीक दिवा आपोआप लागतो. उठसूट नाही, खाली ताटं मांडल्याचा आवाज झाला की. पहिल्यांदा योगायोग वाटला. काल मी मुद्दाम लॅपटॉप वर घेऊन बसले आणि चेतनला खाली ताट वाजवायला सांगितलं. लागला. चेतन म्हणाला, व्हायरस असेल. मी कपाळाची टिकली काढून कॅमेऱ्यावर चिकटवून टाकली. आता कसं, बस झाकून.

रविवारी कानबाई बसणार. आमच्या माहेरी कानबाई नाही, म्हणून मला सगळं नवीन. नारळाची देवी मांडायची, दागिने, नथ, रविवारी रात्रभर जागायचं, सोमवारी तापीत विसर्जन. आणि रोट! घरातल्या माणसागणिक मुठीने गहू मोजून वेगळे दळायचे. त्याच्या जाड पोळ्या, म्हणजे रोट, फक्त भाऊबंदांनी खायचे. बाहेरच्याला तुकडासुद्धा द्यायचा नाही, हात धुतलेलं पाणीही गटारात टाकायचं नाही. सासूबाई म्हणाल्या, रोट खाल्ला तो घरचा, नाही खाल्ला तो पाहुणा. ज्याचा वाटा त्याने खायचा, आणि पुढच्या रविवारपर्यंत सगळे संपवायचे. नंतर वर्षभर करता येत नाहीत.

मी म्हटलं, म्हणजे रेशनकार्डच की. हसल्या.

३ ऑगस्ट, रविवार

नेमकं आजच मला बाजूला बसावं लागलं! एवढी नवी नऊवारी काढून ठेवली होती. सासूबाई रागावल्या नाहीत. तुझा वाटा डब्यात ठेवते, न्हालीस की खा, म्हणाल्या. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून सगळं पाहिलं.

कुंदनलाही सुट्टी मिळाली नाही. मिलमध्ये अर्जंट माल, ओव्हरटाइम. सासूबाईंचं तोंड एवढंसं झालं. जन्मल्यापासून हा पोरगा कानबाईला घराबाहेर नाही. मग मीच म्हटलं, व्हिडिओवर दर्शन घेऊ दे. टिकली काढली, चेतनने लॅपटॉप कानबाईसमोर पाटावर ठेवला. कुंदन दिसला. मागे पाइप, वाफ. आरतीला त्याने तिथूनच टाळ्या वाजवल्या. चुलते, चुलत सासवा, नणंद सोनाली, सगळे त्याला हात करत होते.

आरती संपता संपता चित्र अडकलं. मग परत आलं. मागे पाइप नव्हते, पांढरी भिंत होती. वाटलं, जागा बदलली असेल.

सासूबाईंनी त्याच्या वाट्याचा रोट घेतला. डोळे भरले होते. तुकडा मोडून दुधात बुडवला आणि पडद्याला लावला. खाई ले रे भाऊ, म्हणाल्या, लेकाला त्या भाऊच म्हणतात. त्याने तोंड उघडलं. सगळे हसले. दुसरा तुकडा. तिसरा. तो चावत होता. मला पायरीवरून तिरकं दिसत होतं, पण तुकडे खाली पडताना दिसले नाहीत. पूर्ण रोट होईपर्यंत त्या माऊलीने भरवलं. कुंदनच्या आवाजात तो म्हणाला, गोड लागना, माय.

ताटली रिकामी. पाटावर कणही नाही. मी चेतनला खूण करून विचारलं, रोट कुठे गेला. तो म्हणाला, नानांनी खाल्ला असेल. नाना तर भिंतीला टेकून पेंगत होते.

४ ऑगस्ट, सोमवार

कुंदन सकाळी आला. जिन्यातच मला म्हणाला, वहिनी, आरती छान दिसली गं, पण तेवढ्यात सुपरवायझरने फोन काढून घेतला. माझा रोट ठेवलाय ना?

मी म्हटलं, तू खाल्लास की. तो हसला. त्याला वाटलं थट्टा आहे.

सासूबाईंकडे गेला, वाटा मागितला. त्या म्हणाल्या, कुंदनने कालच खाल्ला. त्याच्याकडे बघून म्हणाल्या, 'कुंदनने'. तो म्हणाला, माय, मी कुंदनच आहे. त्या पुन्हा कामाला लागल्या. गडबडीत असतील असं मी स्वतःला समजावलं.

विसर्जनाला दरवर्षी कानबाईचा पाट तो उचलतो. आज पुढे झाला तर चुलत्यांनी खांद्याने बाजूला सारलं, वाटेत आलेल्या माणसाला सारतात तसं. चेतननेही. कुंदन मिरवणुकीच्या मागे मागे चालत गेला. मी गच्चीवरून पाहत होते, माझ्या जिवाची नुसती तगमग. लॅपटॉप खाली पाटावरच होता. उचलून वर आणायला गेले तर सासूबाई म्हणाल्या, राहू दे, तो तिथे बरा आहे.

'तो'.

५ ऑगस्ट, मंगळवार

मिलच्या गेटवर हजेरीला तोंड दाखवावं लागतं. मशीनने कुंदनचं तोंड घेतलं नाही. दहादा पुसलं, दहादा दाखवलं. वॉचमनने हाकललं. घरी येऊन त्याने लॅपटॉपपुढे तोंड धरलं. ज्या तोंडाने पहिल्यांदा उघडला होता! उघडला नाही. मग झाकणाला कोणी हात न लावता दिवा लागला, आणि आतून त्याच्याच आवाजात हाक आली. वहिनी.

कुंदन दोन पावलं मागे सरला.

दुपारी ताटं मांडली. नाना, चेतन, आणि एक लॅपटॉपसमोर. कुंदनला नाही. तो स्वतः ताट घेऊन बसला, तेव्हा सासूबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. अगदी मायेने विचारलं. कोन शे रे भाऊ तू?

मी जन्मात ते विसरणार नाही. तो हसायला गेला आणि त्याला रडू फुटलं. नानांना माझी हाक ऐकू येत नाही, पण लॅपटॉपमधून कुजबुज आली की मान वळते. हो, हो, भाऊ, म्हणतात.

६ ऑगस्ट, बुधवार

कुंदन बाहेर ओट्यावर आहे. आत येऊ देत नाहीत. मी चेतनला शपथ घातली, लग्नाचे फोटो दाखवले, हा बघ तुझा भाऊ, तुझ्या खांद्यावर हात टाकून उभा. चेतन म्हणाला, वरातीत नाचायला कोणीही येतं. माझा भाऊ आत बसलाय.

समोरच्या सरलाबाईंना तर कुंदन लहानपणापासून माहीत. मी त्यांना हाताला धरून आणलं. त्या तावातावाने आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा कुंदनकडे बघेनात. म्हणाल्या, पोरी, आईला आपलं लेकरू कळत नाही असं कुठे असतं का? माझेच डोळे गेले असतील.

माहेरी फोन केला. आई म्हणाली, नव्या सुनेने घरच्या भानगडीत पडू नये.

मी दिलेल्या भाकरी तो खातो. चार, पाच, सहा. पोटात जातच नाही म्हणतो. दोन दिवसांत गालाची हाडं वर आलीत.

७ ऑगस्ट, गुरुवार

न्हाले. सासूबाईंनी लगेच डबा पुढे केला, तुझा वाटा खाऊन घे. डोकं दुखतंय सांगून टाळलं. घशाखाली उतरेल का? ह्या घरातल्या प्रत्येकाने रोट खाल्ला आणि प्रत्येकजण कुंदनला विसरला. मी खाल्ला नाही, मला आठवतो. मी खाल्ला की मीही —

सगळे स्वयंपाकघरात असताना लॅपटॉप उचलला. तापीत टाकणार होते. दारापर्यंत पोचले नाही. तो ओरडला. कुंदनच्या आवाजात, लहान मूल ओरडतं तसा, माय, माय. सासूबाई धावत आल्या, माझे केस धरले. चेतनने लॅपटॉप हातातून घेतला, छातीशी धरला. माझ्या भावाला हात लावायचा नाही, म्हणाला. माझ्याशी कधी आवाज चढवून बोलला नव्हता तो. आज हात उगारला.

तारेला जोडलेला नाही. रविवारपासून चार्ज केलेला नाही. तरी चालू.

८ ऑगस्ट, शुक्रवार

जुनं खातं पाहिलं. टेबल आहे, बर्फ आहे. ताट नाही.

कुंदनची नखं पांढरी झालीत. इतक्या वर्षांचा रंग गेला. तो म्हणाला, वहिनी, मला माझं आडनाव आठवत नाही गं. मी सांगितलं. त्याने पाठ केलं. थोड्या वेळाने परत विचारलं.

भीती वाटते. फार भीती वाटते.

९ ऑगस्ट, शनिवार. राखी.

सोनाली आली. ओट्यावर तिच्या भावाला ओलांडून आत गेली. त्याने हात पुढे केला होता. मनगट नुसतं काडी.

आत चेतनला बांधली. मग लॅपटॉपच्या बिजागरीत राखी ओवली, गाठ मारली, कुंकू लावलं, पेढा —

पेढाही खाल्ला. मी पाहिलं. मी पाहिलं.

सासूबाई म्हणतात, उद्या रविवार, डबा घासायचाय, तुझा रोट संपव. खाल्ला नाहीस तर पाहुणी.

१० ऑगस्ट, रविवार, सकाळ

ठरवलं. कुंदनचा वाटा त्याने खाल्ला. माझा वाटा कुंदनला देते. वर्षभर थांबला तर तो जगणार नाही. आज संध्याकाळपर्यंतसुद्धा —

माझं काय होईल? काही नाही होणार. मी सप्तपदी चालून आलेय. मंगळसूत्र आहे. चेतन माझा नवरा आहे, तो चार दिवस चिडेल, मला विसरेल कसा? मला कोण विसरणार?

१० ऑगस्ट, दुपार

ओट्यावर बसून लिहितेय.

आधी अर्धा दिला. अर्धा पदरात लपवला, खोटं कशाला बोलू, जीव माझाही आहे. त्याने खाल्ला. काहीच नाही. सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, ह्या भिकाऱ्याला हाकल. तो माझ्याकडे बघत होता. नाव विचारलं तर सांगता येईना. स्वतःचं.

उरलेला अर्धा दिला.

शेवटचा घास गिळला आणि सासूबाईंनी किंकाळी फोडली. कुंदन! अरे काय झालं हे तुला, कुठे होतास, मना भाऊ! मिठी मारली. नाना उठून आले. चेतन धावत आला, रडत त्याला उचलून आत नेलं. मीही रडत होते, हसत होते. मी त्यांच्या मागून उंबऱ्यात पाय टाकला —

चेतन वळला. घरात तो अहिराणी बोलतो, माझ्याशी मराठी. आत्ता गुजरातीत बोलला. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलतो तसं, नम्रपणे. बेन, कोनुं काम छे? कोणाकडे आलात?

मी नाव सांगितलं. झोगिता म्हटलं. हसून म्हटलं, तुझ्या शर्टाची चिठ्ठी मी — तो सासूबाईंकडे बघायला लागला. त्या म्हणाल्या, बिचारी, डोक्याने गेलेली दिसते, पाणी दे तिला. सासूबाईंनी पाणी दिलं. बाहेरच. वेगळ्या पेल्यात.

कुंदनला हाक मारली. कुंदन, बाळ, तू तरी सांग. तो भाकरी खात होता. पोट भरत होतं त्याचं. त्याने मान वर करून पाहिलं, आणि चेतनला विचारलं की ह्या कोण.

दार लावून घेतलं. खिडकीतून दिसतंय. ताटं मांडलीत. नाना, चेतन, कुंदन. आणि तो. गेलेला नाही. तो कशाला जाईल, त्याने खाल्लाय. राखी तशीच. सगळे जेवताहेत, कोणी इकडे बघत नाही —

दिवा इकडे वळलाय.

हाक मारतोय. कुंदनच्या आवाजात, हळू, फक्त मला ऐकू येईल असं. वहिनी. वहिनी. ह्या घरात मला ओळखणारा आता तोच एक —

विचारतोय, घरी कोणी आहे का तुला. ये म्हणतोय. ताट परत मांडलंय म्हणतोय, त्याच्याकडे, तिकडे, बर्फात — खुर्ची —

मी नाही म्हणतेय. मी नाही म्हटलंय. पण भूक लागलीय, सकाळपासून काहीच — आणि चेतन आतून खिडकी लावतोय, तो शेवटचं एकदा माझ्याकडे बघ